पावसात महागलेली छत्री आणि दोन फोनांवरची दोन भाडी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, आणि तिला तपासणीला न्यायचं होतं. सिंहगड रोडवरून डेक्कनला. एरवी दोनशे-सव्वादोनशे रुपये होतात. त्या दिवशी पाऊस असा काही कोसळत होता की रिक्षा दिसायला तयार नाही. मी ॲप उघडलं तर भाडं ४१२ रुपये. दादानं त्याच्या फोनवर तेच ॲप उघडलं तर ३५६. एकाच सोफ्यावर शेजारी बसलेलो आम्ही, जायचं ठिकाणही एकच.

आई डोळ्यावर काळा चष्मा लावून बसली होती. ती म्हणाली, "पाऊस आहे म्हणून जास्त घेतात, ते समजलं. पण तुला जास्त आणि ह्याला कमी, हे कुठलं गणित?"

मी गेली तीन वर्षं किमती आणि न्याय या विषयावर पीएचडी करते आहे, आणि माझ्या प्रबंधातले दोन मुख्य प्रश्न आईनं एका वाक्यात वेगळे करून दिले. वेळ पाहून किंमत वाढवणं ही एक गोष्ट. माणूस पाहून किंमत वाढवणं ही दुसरी. पेपरात, चहाच्या टपरीवर, आणि खरं सांगायचं तर सरकारी नियमांतसुद्धा, या दोन्हींची सरमिसळ होते.

(संशोधक म्हणून एक कबुली आधीच देऊन टाकते. आमच्या दोन फोनांवरून काहीही सिद्ध होत नाही. मी पाहिलं आणि दादानं पाहिलं यात दोनेक मिनिटं गेली असतील. तेवढ्यात भाडं सगळ्यांसाठीच बदललं असू शकतं. पण बाहेरून पाहणाऱ्याला यातलं कुठलं कारण खरं हे कळायला काही मार्गच नाही, आणि माझ्या मते खरी अडचण तीच आहे.)

या विषयावरचा सगळ्यात प्रसिद्ध पेपर १९८६ चा आहे. डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या तिघांचा. कानेमनना पुढे २००२ मध्ये आणि थेलरना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. या तिघांनी कॅनडात टोरांटो आणि व्हँकुव्हर या शहरांतल्या लोकांना फोन करून छोटे छोटे प्रसंग सांगितले आणि विचारलं, हे चालेल की हा अन्याय?

पहिला प्रसंग असा. एक दुकानदार बर्फ उपसायचं फावडं १५ डॉलरला विकतो आहे. रात्री मोठं हिमवादळ होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो किंमत २० डॉलर करतो. तुम्हाला काय वाटतं?

आपल्याकडे बर्फ नाही, तेव्हा छत्री घ्या. लक्ष्मी रोडवर दीडशेची छत्री, आणि पहिली सर आल्याबरोबर दोनशे. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकाप्रमाणे यात गैर काहीच नाही. मागणी वाढली, माल तेवढाच, किंमत चढणार. किंमत तीच ठेवली तर पहिले आलेले चार-चार छत्र्या उचलून नेतील आणि ज्याला खरी गरज आहे तो भिजेल. पण ज्या १०७ लोकांना फावड्याचा प्रश्न विचारला त्यांपैकी ८२ टक्के म्हणाले, हा अन्याय आहे.

आता दुसरा प्रसंग पाहा. वाहतुकीत गोंधळ होऊन लेट्यूसची टंचाई झाली. घाऊक भाव चढला. किराणावाल्याला प्रत्येक गड्ड्यामागे ३० सेंट जास्त मोजावे लागले, आणि त्यानं गिऱ्हाइकाकडूनही बरोबर ३० सेंट जास्त घेतले. इथं ७९ टक्के लोक म्हणाले, चालेल.

दोन्हीकडे टंचाईच आणि दोन्हीकडे गिऱ्हाइकाच्या खिशातून जास्त पैसे गेले. मग फरक कशात? लेखकांचं उत्तर असं की लोकांच्या डोक्यात दोन हक्क असतात. गिऱ्हाइकाला नेहमीच्या किमतीचा हक्क, आणि दुकानदाराला त्याच्या नेहमीच्या नफ्याचा हक्क. स्वतःचा नेहमीचा नफा वाचवायला दुकानदारानं किंमत वाढवली तर लोक कुरकुरतात, पण मान्य करतात. मात्र समोरचा अडलाय हे पाहून वाढवली तर नाही. आपल्याकडे यासाठी वेगळ्या सिद्धांताची गरजच नाही. 'अडवणूक' हा एक शब्द पुरतो. अडला हरी गाढवाचे पाय धरी, हे आपण हरीची कीव करत म्हणतो, गाढवाच्या धंद्याचं कौतुक म्हणून नव्हे.

त्याच पेपरातला तिसरा प्रसंग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. एका लोकप्रिय मोटारीचा तुटवडा आहे, गिऱ्हाइकांना दोन महिने थांबावं लागतंय. विक्रेता आजवर छापील किमतीला गाडी विकायचा, आता छापील किमतीपेक्षा २०० डॉलर जास्त मागतो. ७१ टक्के लोकांना हा अन्याय वाटला. दुसऱ्या लोकांना हाच प्रसंग जरा फिरवून सांगितला: विक्रेता आजवर छापील किमतीवर २०० डॉलर सूट द्यायचा, आता सूट बंद करून छापील किमतीला विकतो. इथं ५८ टक्के लोक म्हणाले, ठीक आहे.

वाढ दोन्हीकडे २०० डॉलरचीच. एकीत ती 'जादा आकार' म्हणून आली, दुसरीत 'सूट गेली' म्हणून.

आता हे घेऊन आपल्या किराणा दुकानात या. पाकिटावर एमआरपी छापलेली असते. तिची आपल्याला इतकी सवय झाली आहे की परदेशात गेलेला मराठी माणूस पहिल्या आठवड्यात बिस्किटाचा पुडा उलटसुलट करून छापील किंमत शोधतो. (मी शोधली आहे.) पूर्वी पाकिटावर 'स्थानिक कर वेगळे' असं छापलं की काम भागायचं, आणि त्या करांच्या नावाखाली दुकानदार वाटेल ते घ्यायचे. १९९० मध्ये नियम बदलले आणि सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत छापण्याची पद्धत आली. आज हे सगळं वैधमापन कायदा, २००९ आणि त्याखालच्या २०११ च्या पाकीटबंद वस्तूंच्या नियमांत आहे. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं हा गुन्हा. एकाच वस्तूच्या एकसारख्या पाकिटांवर दुकानाला एक आणि विमानतळाला दुसरी एमआरपी छापायची चलाखीही २०१८ च्या सुरुवातीपासून बंद झाली. हॉटेलातली पाण्याची बाटली मात्र यातून सुटली. २०१७ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की हॉटेलात तुम्ही नुसती बाटली विकत घेत नाही, बसायची जागा आणि सेवाही घेता.

म्हणजे कानेमन-थेलर ज्याला नेहमीची किंमत म्हणतात, ती आपल्याकडे सरकारनं पाकिटावर छापूनच घेतली आहे. हिमवादळातल्या फावड्याचा प्रसंग भारतात पाकीटबंद वस्तूच्या बाबतीत एमआरपीच्या वर घडूच शकत नाही, निदान कायद्यानं. पण ती किंमत ठरवतो कोण? उत्पादक. आणि किती छापायची यावर बहुतेक वस्तूंना मर्यादा नाही. औषधांसारखे काही अपवाद सोडा. तेव्हा ३०० ची वस्तू ५०० छापायची आणि ४० टक्के सूट देऊन ३०० ला विकायची. पाऊस पडला, मागणी वाढली, की सूट २० टक्क्यांवर आणायची. किंमत ४०० झाली, कायदा कुठेच मोडला नाही, आणि गिऱ्हाईकही रागावत नाही, कारण त्याच्या दृष्टीनं अजूनही २० टक्के 'वाचले'. मोटारीच्या प्रसंगातली तीच गंमत. एमआरपी हे छत आहे. छताखाली कोणाला कितीला विकायचं यावर ती काहीच बोलत नाही. दुकानात सगळ्यांसमोर एकच पाटी असायची तेव्हा हे चालून जायचं. आता पाटी प्रत्येकाच्या फोनवर वेगळी आहे.

यंत्रांनी किंमत ठरवावी ही कल्पना काही आजची नाही, आणि लोकांनी तिला हाणून पाडल्याची उदाहरणंही जुनी आहेत. १९९९ मध्ये कोका-कोलाचे प्रमुख डग्लस आयव्हेस्टर यांनी एका ब्राझिली मासिकाला मुलाखत देताना सांगितलं की उन्हाळ्यात थंडगार कोकची ओढ जास्त असते, तर तेव्हा तो महाग असणं रास्तच आहे, आणि यंत्र हे आपोआप करू शकेल. अर्थशास्त्राच्या वर्गात या उत्तराला पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते. बाहेर एवढा गदारोळ झाला की कंपनीला असा काही बेत नसल्याचं सांगावं लागलं. माझा एक सहकारी म्हणतो, त्यांनी उलटं सांगायला हवं होतं: थंडीत कोक स्वस्त मिळेल. टाळ्या पडल्या असत्या. पुन्हा मोटारीचाच प्रसंग.

दुसरं उदाहरण २००० सालचं. ॲमेझॉनवर एकच डीव्हीडी वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना वेगवेगळ्या किमतीला दिसते हे लोकांच्या लक्षात आलं. कंपनीचं म्हणणं असं की ही चाचणी होती, किमती सरसकट चिठ्ठ्या टाकल्यासारख्या दाखवल्या, कोणाचीही माहिती पाहून नव्हे. तरी जेफ बेझोस यांना चूक कबूल करावी लागली आणि ६,८९६ गिऱ्हाइकांना सरासरी ३ डॉलर १० सेंट परत द्यावे लागले. रक्कम पाहा केवढीशी! राग रकमेचा नव्हताच.

आता दुसरी बाजू, आणि ती मला सोडायची नाही. कारण माझ्या विषयातले बरेच लेख 'लोकांना राग येतो, सबब हे वाईट' इथंच थांबतात.

१ जानेवारी २०१५ ला, नववर्षाच्या पहाटे, न्यूयॉर्कमध्ये उबरची भाडं वाढवणारी यंत्रणा तांत्रिक बिघाडामुळे २६ मिनिटं बंद पडली. गर्दीची वेळ, सगळ्यांना घरी जायचंय, आणि भाडं नेहमीचं. अभ्यासकांना आयतीच संधी मिळाली. त्या काळात ज्यांनी गाडी मागितली त्यांतल्या पाव भागालासुद्धा ती धड मिळाली नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एक मोठा गाण्याचा कार्यक्रम सुटला, तेव्हा वाढीव भाडं चालू होतं, आणि मागणाऱ्या जवळजवळ सगळ्यांना गाडी मिळाली. (हा अभ्यास करणाऱ्यांत उबरचे स्वतःचे लोक होते, हे ध्यानात ठेवून वाचावं. आणि दोन रात्रींची तुलना ही दोन रात्रींचीच तुलना.)

यामागचं कारण दुसऱ्या काही अर्थशास्त्रज्ञांनी चांगलं उलगडलंय. भाडं फार कमी राहिलं की जवळच्या सगळ्या गाड्या पटकन उचलल्या जातात. मग स्वारगेटला उभ्या असलेल्या माणसाला कात्रजची गाडी मिळते. ती बिचारी वीस मिनिटं रिकामी चालत येते, आणि त्या वीस मिनिटांत कोणालाच नेत नाही. जितकी गर्दी, तितक्या गाड्या रिकाम्या धावण्यात अडकलेल्या, तितकी गर्दी अजून. पावसाळ्यात संध्याकाळी ॲपवर 'चालक १८ मिनिटांवर आहे' दिसतं, आणि मग चालक फेरी रद्द करतो, ते हेच. वाढीव भाड्यानं काही लोक 'थोडं थांबू, पाऊस ओसरू दे' म्हणतात, आणि हा फेरा तुटतो.

तेव्हा आईचं पहिलं वाक्य, "पाऊस आहे म्हणून जास्त, ते समजलं", यात अर्थशास्त्रही आहे. फक्त त्यालाही सीमा असते. २०१४ च्या डिसेंबरमध्ये सिडनीत एका कॅफेत लोकांना ओलीस धरलं होतं, लोक शहराच्या त्या भागातून बाहेर पडायला धडपडत होते, आणि यंत्रणेनं मागणी वाढलेली पाहून भाडं चढवलं. यंत्रणेला मागणी दिसते, मागणीचं कारण दिसत नाही. कंपनीला माफी मागून पैसे परत करावे लागले.

आपल्या सरकारनं वेळेनुसार वाढणाऱ्या किमतीला मर्यादा घातली आहे. केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंत मुभा होती, २०२५ च्या सूचनांत ती दुपटीपर्यंत नेली. पुष्कळ लोकांना ही सरळ सरळ कंपन्यांवरची मेहेरबानी वाटली. माझं मत थोडं वेगळं आहे. दीडपट की दुप्पट यावर भांडता येईल, पण मर्यादा जितकी खाली तितकी ती कात्रजची रिकामी गाडी जास्त, आणि मग चालक फोन करून विचारणार, "मॅडम, ॲपवरचं राहू द्या, कॅश किती द्याल?" तो भाव कुठल्याच नियमात बसत नाही. सरकार स्वतःही यातून गेलं आहे. ९ सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, दुरांतो आणि शताब्दी गाड्यांत दर १० टक्के जागा भरल्या की भाडं १० टक्क्यांनी वाढायचं, जास्तीत जास्त दीडपट. ओरडा झाला, कॅगनं ताशेरे ओढले, प्रवासी घटल्याचं दाखवलं, आणि २०१९ मध्ये योजना सौम्य करावी लागली. पण एक गोष्ट मान्य करायला हवी: नियम उघड होता. रात्री बारानंतर रिक्षाच्या मीटरवर जास्त पैसे होतात, त्यावर कोणी भांडत नाही. कारण ते आधीपासून ठाऊक असतं, आणि सगळ्यांना सारखंच असतं.

राहिलं आईचं दुसरं वाक्य. तुला जास्त आणि ह्याला कमी.

२०१६ मध्ये उबरमधले अर्थशास्त्रज्ञ कीथ चेन यांनी एका मुलाखतीत सांगितलं की फोनची बॅटरी संपत आलेली माणसं वाढीव भाडं मान्य करण्याची शक्यता जास्त असते. आम्ही किंमत ठरवायला ही माहिती वापरत नाही, असंही त्यांनी त्याच वेळी सांगितलं. लोकांना पहिलं वाक्य लक्षात राहिलं, दुसरं नाही, आणि मला त्यात लोकांची चूक दिसत नाही. तुमची अडचण किती आहे हे समोरच्याला नेमकं माहीत आहे, आणि त्याला काय माहीत आहे हे तुम्हाला माहीत नाही. जुन्या बाजारात घासाघीस व्हायची तेव्हा भाजीवालीही चेहरा पाहून भाव सांगायची. पण तुम्ही पण तिचा चेहरा पाहत होता! पुढच्या पाटीवर विचारता येत होतं, पाठ फिरवून दोन पावलं चालता येत होतं.

जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ओला आणि उबरला नोटिसा पाठवल्या. आयफोन आणि अँड्रॉइडवर एकाच फेरीचं वेगळं भाडं दिसतं, अशा तक्रारी होत्या. दोन्ही कंपन्यांनी आरोप नाकारले. कायद्यात आधार नाही असं नाही. ई-कॉमर्ससाठीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांत स्पष्ट लिहिलंय की एकाच वर्गातल्या ग्राहकांमध्ये भेदभाव करता येणार नाही, आणि मनमानी वर्गवारीही करता येणार नाही. प्रश्न असा की 'एकाच वर्गातले' म्हणजे कोण? मी आणि दादा एका वर्गातले का? नेहमी गाडी मागवणारी आणि महिन्यातून एकदा मागवणारा? नवीन ग्राहकाला पहिल्या फेरीवर सूट देणं ही वर्गवारीच आहे, आणि तिच्याविरुद्ध आजवर कोणी तक्रार केलेली मी तरी ऐकली नाही.

न्यूयॉर्क राज्यानं २०२५ मध्ये वेगळा रस्ता धरला. बंदी नाही, मर्यादा नाही. पण तुमची वैयक्तिक माहिती वापरून यंत्रानं किंमत ठरवली असेल, तर तसं किमतीजवळ लिहून दाखवायचं. मला हा उपाय अर्धा आवडतो. लिहून दाखवलं की कंपनीला लाज वाटते, आणि १९९९ पासूनचा इतिहास पाहता लाजेचा परिणाम होतो. पण 'तुमची माहिती वापरली' एवढ्यानं मला जास्त लागले की कमी, हे कळत नाही. माझ्या हाती असतं तर मी एकच आकडा मागितला असता: याच फेरीसाठी गेल्या दहा मिनिटांत इतरांना दाखवलेलं सगळ्यात कमी भाडं. फुकटात गैरवापर करता येईल असा आकडा आहे हा, माझ्या मार्गदर्शकांनी लगेच तीन त्रुटी काढल्या. त्यातली एक खरोखर गंभीर आहे: कंपन्या मग सगळ्यांनाच वरचा भाव दाखवतील आणि कोणालाच सूट मिळणार नाही.

सध्या मी कानेमन-थेलरचे प्रसंग मराठीत आणते आहे, पुण्यात विचारण्यासाठी. अडून बसलेय एका शब्दावर. मूळ प्रश्नातल्या पर्यायांना मराठीत काय म्हणायचं? 'न्याय्य' लिहिलं की लोकांना कोर्ट आठवतं. 'योग्य' लिहिलं की ते दुकानदाराच्या जागेवरून विचार करतात, 'धंद्याच्या दृष्टीनं योग्यच की!' 'बरोबर' म्हटलं तर हिशोब तपासायला लागतात. सरावासाठी आईलाच छत्रीचा प्रसंग वाचून दाखवला आणि चारही पर्याय पुढे ठेवले: योग्य, न्याय्य, बरोबर, अन्याय.

तिनं चारही खोडले. म्हणाली, "शोभत नाही, असं लिही."

तूर्त प्रश्नावलीत तेच लिहिलं आहे. मार्गदर्शक अजून तयार नाहीत.